मावशीबाईंचा रुमाल

आरमोरी, ९ जानेवारी १९५४

माझ्या धाकट्या बहिणीले पाहाले नागपूरहून मुलाची मावशी आली. काल आल्या आल्या नाकाले रुमाल! म्हणे, "पोरीच्या अंगाले मोहाच्या तेलाचा वास येते. आमच्याकडे नाई चालणार."

आज सकाळी बरणीतलं तेच मोहाचं तेल थंडीनं लोण्यासारखं पांढरं थिजलं होतं. मावशीबाईंनी तोंडाले लावाचा स्नो समजून फुटलेल्या गालांवर चोळ चोळ चोळलं. तेव्हा कुठी गेला होता रुमाल? वर मलेच विचारते, "गाल किती मऊ झाले! कोणत्या कंपनीचा गं?"

असलं कसलं नाक, माणूस पाहून वास घेणारं?

जाताना तो 'स्नो' थोडा मागितला. मी पळसाच्या पानात गोळा दिला. तिनं तो रुमालात बांधला. दुपारच्या उन्हात वितळेल, रुमाल भिजेल. मग लाव म्हणा नाकाले!