सीलबंद पाकीट आणि माझा शांत स्वभाव

५ मार्च
दवाखान्यातल्या समजावणाऱ्या बाईनं ही वही दिली. हात उचलावासा वाटला की पेन उचल, म्हणाली, आणि तारीख घालून लिही. मला गरज नाही. माझा स्वभाव शांत आहे. माझ्याच खोलीत राहणाऱ्या मापेंदोला मुसळ लागलं ते चुकून. मी भिंतीवर मारत होते, तीच आडवी आली. कसाव्याचा पाला कुटायचं मुसळ आहे, जड असतं.
आज सरकारचं पत्र. ग्रीन कार्डासाठी आणखी कागद हवेत. २९ मेच्या आत पोचले पाहिजेत. आठ दिवसांत उडवते.

६ मार्च
डोरीनकडे गेले. फुकट काम करणारी वकीलबाई, पण बोलते पैसे घेतल्यासारखी. तीन कागद: इथं वर्षभर राहिल्याचा पुरावा, जन्माचा पुरावा, डॉक्टरचा तपासणी फॉर्म. तिन्ही एकत्र, एकदाच. एक कमी पडला तरी आहे त्यावरच निकाल. आश्रय मिळालाय, पण कार्ड येईतो माझं इथलं राहणं कच्चं.
विचारलं, तिकडं ज्या सरकारच्या माणसांनी घर पेटवलं त्यांच्याचकडं जन्मदाखला मागू का? म्हणाली, तसं करूच नका, जन्म ठाऊक असलेल्या माणसांची शपथपत्रं चालतील. मग आधी नाही बोलायचं? टेबलावर हात ठेवला. जरा जोरात. कप फुटला तो आधीच चिरलेला होता.

२३ मार्च
आठ दिवस झाले, थोडे वर.
मी काम करते त्या शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, कारखान्यात पगाराच्या पावत्या मागितल्या. ऑफिसातला म्हणाला, प्रिंटर अडकलाय. दिवसाला आठशे शेवंडींच्या शेपट्या पिळून तोडते मी. प्रिंटर काय चीज आहे! दोन बुक्क्या दिल्या. पावत्या आल्या. झाकणही आलं.
पहिला कागद झाला. कुणालाही मारलं नाही. मशीन माणूस नसतं.

१४ एप्रिल
मावशी बुरुंडीच्या छावणीत. तिचं शपथपत्र फोनवर आलं. पाद्रीबाबानं लिहून घेतलं, तिनं अंगठा उठवला. माझ्या जन्माचं साल बरोबर आहे. खाली लिहिलंय, ही पोर जन्मतःच सुईणीच्या तोंडावर लाथ मारून आली, सुईणीचा दात पडला, म्हणून साल पक्कं ध्यानात आहे.
मापेंदो हसून हसून खाटेवरून पडली. म्हणाली, न्सिमिरेताई, सरकारलाही कळू दे कुणाला ठेवून घेतंय ते. मी तिला उठवलं. केसांना धरून, पण उठवलं.
डोरीनला म्हटलं, लाथेची ओळ काढ. म्हणाली, शपथेवरचं काही काढता येत नाही. दुसरं शपथपत्र पाद्रीबाबाचं. त्यात लाथ नाही. देव त्याचं भलं करो.

९ मे
डॉक्टर. पाच सुया. नर्सला कोपर लागलं, तिनं मागून यायला नको होतं.
आजपासून निश्चय: महिनाअखेरपर्यंत आवाजही चढवायचा नाही.

१० मे
चढवला. मापेंदोनं सांबाझाची पिशवी उघडी ठेवली, मांजरानं सुके मासे खाल्ले. मांजर जिवंत आहे.

१७ मे
डॉक्टरनं पाकीट दिलं. चिकटवलेलं, चिकटलेल्या कडेवर त्याची आडवी सही. वर मोठ्या अक्षरांत: उघडू नये. पंधरा दिवस सुट्टीवर चाललो, म्हणाला.
मी कशाला उघडू? मूर्ख आहे का?

१८ मे
पाकीट उशीखाली. झोप नाही. डोरीनकडं उद्या देते.

१९ मे
उद्या देते.

२० मे
उघडलं. शेवंडीच्या सुरीनं. नावाचं स्पेलिंग तपासायचं होतं, बाकी काही नाही. स्पेलिंग बरोबर आहे. क्षयरोग नाही. दुसऱ्याला इजा करण्याची प्रवृत्ती: नाही, असं लिहिलंय! मापेंदोला दोनदा वाचून दाखवलं. ती डोक्यावरचं टेंगूळ चोळत म्हणाली, डॉक्टरला आपल्या घरी जेवायला बोलव.
मक्याच्या पिठाचा बुगाली उरला होता. त्याची खळ करून पाकीट चिकटवलं. छान बसलं. कुणाच्या बापाला कळणार नाही.

२२ मे
डोरीनच्या बापाची गरज पडली नाही, तिलाच कळलं. सहीच्या दोन तुकड्यांत बोटभर अंतर आणि कडेला मक्याचं पीठ. म्हणाली, हे घेणार नाहीत. मी म्हटलं, डॉक्टरनंच असं दिलं, जेवत होता. तिनं कडेचं पीठ नखानं खरवडून दाखवलं. मग मी तिच्या लोखंडी कपाटाला बुक्की मारली. कपाटाला काही झालं नाही.
हात सुजलाय. डाव्या हातानं लिहितेय.

२६ मे
डोरीननं दुसरा डॉक्टर शोधला. रक्ताचे जुने रिपोर्ट चालवून घेतले. त्यानं विचारलं, हाताला काय झालं? दार. कुठलं दार? लोखंडी. कुणाला कधी इजा केलीय? म्हटलं, मला केली ती बघा आधी. सदरा वर केला. पाठीवरचे वण मोजायला लागला. म्हटलं, नका मोजू, मोजून झालेत.
मग बराच वेळ लिहीत बसला. पहिल्यानं एवढं लिहिलं नव्हतं. काय लिहिलंत? हसला. चिकटवलं, सही केली.
वाटेत सुरी आठवत होती.

२७ मे
पोस्टात गेले, उद्याच पोचणाऱ्या टपालानं पाठवायला. दोघी बरोबर होत्या, डोरीन एका बाजूला, मापेंदो दुसऱ्या. पकडून ठेवल्यासारख्या.
पहिलं पाकीट स्पेलिंगसाठी उघडलं नव्हतं.
आमच्या गावात कॅप्टननं माझ्या नवऱ्याला, मुरुलाला, असंच बंद पाकीट दिलं होतं. डोंगरापलीकडच्या तळावर पोचव म्हणाला. साहेबानं आपल्यावर विश्वास टाकला म्हणून त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. तीन तास चालत गेला. स्वतःच्या हातानं पाकीट दिलं. नंतर कळलं, आत लिहिलं होतं, आणणाऱ्याला ठेवून घ्या. पाचव्या दिवशी तो नदीत सापडला. हात मागं बांधलेले, सदरा तोच.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, आत काय आहे?
म्हटलं, ठाऊक नाही.
तिनं हात पुढं केला. मी दिलं.