मामाजींचा रेकॉर्ड प्लेअर आणि माझा बेस

१७ नोव्हेंबर १९८५, रविवार

कलावती भाऊबीज करून दुर्गहून, माहेराहून परत आली ती पोतं घेऊन. मला वाटलं नवे तांदूळ! उघडलं तर आत आमच्या सासरेबुवांचा – मामाजींचा – रेकॉर्ड प्लेअर. पेटीला वाळवी – हात लावला की भुसा. मोटर जाम. थाळीला गंज. रबराचं चाक दगडासारखं कडक. तिथल्या रेडिओवाल्याने 'भंगारात टाका' म्हणून सांगितलं आणि सासरेबुवा खरंच टाकणार होते. सासूबाईंनी मागच्या दाराने हिच्या हवाली केला. सोबत चार रेकॉर्ड, जुन्या साडीत गुंडाळलेल्या.

हा प्लेअर मी ओळखतो. ५८ साली एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर रेल्वे सोडून ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याच्याकडून मामाजींनी डोंगरगडला घेतला. विलायती माल. मामाजी तेव्हा गार्ड होते. घरात कोणाला बोट लावू देत नसत, पुसायचे सुद्धा स्वतःच. आणि आता तो माझ्या रिसालीच्या क्वार्टरमध्ये जमिनीवर पसरलेला आहे!

हे करायचंच. का, ते इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलण्यासारखं नाही. ६१ साली आमच्या लग्नात मध्यस्थाने सांगितलं होतं, मुलगा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये टेक्निकल लाइनीत आहे. खोटं नव्हतं. पण पंगतीत कोणीतरी मामाजींच्या कानाला लागलं की पॅटर्न शॉप म्हणजे लाकडाचं काम. मामाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे मी पोरगी सुताराले देली." मी पानावरच होतो. तसाच उठलो. अरे, भट्टीतून निघणारा पार्ट लोखंडात होण्याआधी माझ्या हातून लाकडात होतो! पण त्या दिवशी हे सांगायला तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून मामाजींनी आमच्या घरचं पाणीही घेतलेलं नाही. विचारलं की म्हणायचं, मुलीच्या घरचं खात नसतो. मुलीला मूल झालं की हा नियम सुटतो, हे अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे. आमची विजया सतरा वर्षांची होऊन जबलपूरला होस्टेलात गेली, नियम काही सुटत नाही!

तर ठरलं. प्लेअर असा करायचा की मामाजींना ऐकायला इथे यावंच लागेल. आणि आले की जेवून जातील. माझ्या घरी, माझ्या समोर बसून. ही म्हणाली, आधी मोटर तर फिरू द्या.

१८ नोव्हेंबर

फिरेल.

२४ नोव्हेंबर

फिरली! आतलं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं, सकाळी लुगड्याच्या चिंधीने पुसलं, हिच्या शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. दुर्गच्या त्या रेडिओवाल्याने मोटर उघडलीच नव्हती, स्क्रूच्या खाचा कोऱ्या होत्या. आधी हात लावायचा नाही आणि मग भंगार म्हणायचं!

ही तेलाची कुपी शोधत होती. दिली.

१ डिसेंबर

रबराच्या चाकापायी पॉवर हाऊसच्या बाजारात गेलो. हे चाक मोटर आणि थाळीच्या मधे असतं, मोटर त्याला फिरवते आणि ते थाळीला. कडक झालं की घसरतं आणि धबधब आवाज येतो. तेजरामचं तिथे टायर रिट्रेडिंगचं दुकान आहे. ट्रकच्या टायरांमध्ये बसलेला हा एवढा धिप्पाड माणूस. मी रुपयाएवढं चाक त्याच्या तळहातावर ठेवलं. उलटून पालटून पाहिलं. मग म्हणे, "ए काकर चक्का ए भैया, मुसुवा के गाड़ी के?" उंदराच्या गाडीचं! हसला, पण पट्ठ्याने जुनं रबर खरडून नवं चढवून दिलं. घरी आणून मी ते ड्रिलमध्ये धरून कानशीने गोल केलं. कागद जाईल एवढाही फरक ठेवला नाही.

८ डिसेंबर

आज बेस, म्हणजे प्लेअर बसतो ती पेटी. लाकूड कधीचं जपून ठेवलेलं – प्लांट उभा राहत होता तेव्हा रशियन मशिनी ज्या खोक्यांमधून आल्या, त्यातल्या फळ्या. एकीवर त्यांची अक्षरं अजून दिसतात. पांढरं, सरळ रेषेचं लाकूड. कोपऱ्यांना खिळा नाही, स्क्रू नाही, जोडात जोड. रंधा मारला तसा अख्ख्या घराला वास सुटला. ही दोनदा येऊन पाहून गेली, काही बोलली नाही. म्हणजे आवडलं.

उद्या प्लेअर बसवतो. आठवड्यात मामाजींना निरोप.

९ डिसेंबर

फजिती! लिहायलाही लाज वाटते, पण वहीला काय लाजायचं.

फर्स्ट शिफ्ट करून आलो, हात धुतले, प्लेअर उचलून बेसवर ठेवला – तो टेकलाच नाही. सरळ आत गेला! प्लेअरच्या पत्र्यावर माप छापलेलंच आहे, चौदा इंच; तेच धरून कापलेलं छिद्र सव्वाचौदाच्याही वर भरलं. डोकं चालेना. तीनदा मोजलं, माझ्या पट्टीने बरोबर चौदा. मग पट्टीकडेच पाहिलं.

वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून साचा आधीच तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न शॉपची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा पाव इंच लांब. सव्वीस वर्षं मी तीच वापरतो. एक जुनी घरी पडलेली होती, तीच हाती आली. खऱ्या मापाची पट्टी शाळेच्या कंपासपेटीशिवाय या घरात नाहीच!

हिला सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मंग राहू द्या ना असंच. थंडं झालं का आकसन."

मीही हसलो. पण फट भरायला चिपा मारा असं ती म्हणाली तेव्हा नाही म्हटलं. चिपा मारलेल्या बेसवर प्लेअर ठेवून मामाजींना ऐकवायचं? सुताराने जोड बुजवला म्हणतील. नवा करणार.

१५ डिसेंबर

दुर्ग रोडच्या आरा मशीनवरून बिजाचं, म्हणजे आपल्या बिबळ्याचं लाकूड आणलं. रशियन खोकं गेलं, आता इथलं. ओलं झालं की हात पिवळे होतात. शॉपमध्ये सगळे विचारतात, घरी कोणाची हळद आहे काय.

पट्टी कंपासपेटीतली.

२२ डिसेंबर

बसला! बसला म्हणजे कसा – वरून सोडला तर हवा दाबत हळूहळू खाली गेला आणि थांबला. कोपऱ्यांचे जोड मीच शोधले तर सापडत नाहीत. गेल्या बेसपेक्षा हा शंभर पटींनी सरस. चुकलो ते बरं झालं म्हणायचं.

जुना बेस ही घेऊन गेली. त्यात कांदे ठेवलेत.

५ जानेवारी १९८६

सुई आणि ती जिच्यात बसते ती डबी रायपूरला मिळाली, चौथ्या दुकानात. रेडिओला जोडलं. आधी नुसती घूं घूं. अर्थिंगची तार लावली, घूं घूं गेली.

मग थाळीवर कागदाचा तुकडा चिकटवला आणि घड्याळ घेऊन बसलो. तीन मिनिटांत शंभर फेरे व्हायला हवेत, तर स्पीड बरोबर. मी मोजत होतो, ही घड्याळ पाहत होती. शंभर म्हटलं आणि ती म्हणाली, झाली तीन मिनिटं. एकाच वेळी! पुन्हा मोजलं. पुन्हा शंभर.

पहिली रेकॉर्ड सनईची लावली. कलावती पोळ्या लाटता लाटता थांबली. ही रेकॉर्ड रविवारी सकाळी लागायची म्हणे, मामाजी ड्यूटीवरून आले की. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हाताला पीठ तसंच. पोळी जळली. जळू दे. मला फार बरं वाटलं, काय सांगू. या बाईने चोवीस वर्षांत कधी कशाचा हट्ट केला नाही.

१२ जानेवारी

निरोप गेला. ही स्वतः दुर्गला जाऊन सांगून आली. मी त्यांच्या फाटकापर्यंत स्कूटरवर सोडलं आणि वळलो, शिफ्ट होती. मामाजी आधी म्हणाले, मेलेला प्लेअर कुठे बोलतो. मग म्हणाले, मोटर कोणी उघडली? शेवटी पुढच्या रविवारी येतो म्हणाले.

येतात म्हणजे जेवणार! सकाळी येणारा माणूस दुपारपर्यंत उपाशी थोडाच बसेल.

१८ जानेवारी

हिने वांगी आणली. तुरीचे ओले दाणे सोलून ठेवलेत. मामाजींना दाण्यांची आमटी फार आवडते. बेसवर पॉलिशचा शेवटचा हात दिला. नवं ताट काढलं, मी स्वतः चिंचेने घासलं.

१९ जानेवारी, रविवार

आले. साडेनऊला, एकटेच. अठ्ठ्याहत्तर वर्षं, पण पाठ ताठ, कोटाची बटणं लावलेली. आणि खांद्याला रेल्वेतली कापड मढवलेली पाण्याची बाटली. दुर्ग ते रिसाली अर्ध्या तासाची बस, आणि बरोबर स्वतःचं पाणी!

 खुर्ची दिली. ते खुर्चीवर बसलेच नाहीत, आधी बेसपाशी वाकले. चष्मा काढला, पुन्हा लावला. अंगठा कोपऱ्यावरून फिरवला, एकदा, दोनदा. चारही कोपरे.

"जोड कुठी हाय?"

मी दाखवला. त्यांनी नखाने चाचपून पाहिला. नख अडकलं नाही.

मग बसले. सनईची रेकॉर्ड लावली. डोळे मिटले. एक बाजू संपली तर बोटानेच खूण केली – पलट. दोन्ही बाजू ऐकल्या. मग बाकीच्या तिन्ही. कलावती स्वयंपाकघरातून हलली नाही, भांड्याचा आवाज येऊ दिला नाही तिने. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "गार्डाच्या घरी असा वाजत नव्हता." माझ्याकडे पाहून नाही म्हणाले, प्लेअरकडे पाहून. पण म्हणाले! चोवीस वर्षांनी!

हिने पान मांडलं. मामाजी उठले. बाटलीतलं पाणी प्याले, दोन घोट. बूच लावलं. "निघतो. बस भेटन आता." प्लेअर बरोबर न्या म्हटलं तर नको म्हणाले, इथेच राहू दे. आणि गेले.

दाण्यांची आमटी तशीच. नवं ताट तसंच.

२० जानेवारी

हट्टी म्हातारा. काम आवडतं, हात आवडत नाही. एवढा प्लेअर केला, दोनदा बेस केला, अजून काय करायचं माणसाने? दगडाला पाझर फुटेल, या माणसाला नाही. शॉपमध्ये एका नव्या पोरावर उगीच ओरडलो.

२१ जानेवारी

संध्याकाळी पुन्हा तेच बोलत होतो. कलावती तांदूळ निवडत होती. ऐकत होती, ऐकत होती. मग सूप बाजूला ठेवलं.

"आन् तुमी कवा जेवले तिकडं? चोवीस वर्षांत एकदा तरी?"

म्हटलं, माझं वेगळं आहे. मला पंगतीत बोलले होते ते.

ती म्हणाली, मी दोघांच्याही मधे आहे, मला कोणीच काही बोललं नव्हतं. तरी दर दिवाळीला फाटकापासून घरापर्यंत मी एकटी जाते. पिशवी घेऊन.

मग सूप उचलून तांदूळ निवडू लागली. मी बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसलो. ती मळलेली नव्हतीच.

२३ जानेवारी

प्लेअर लावला नाही.

२४ जानेवारी

आजही नाही. माझं वेगळं आहे हे वाक्य दिवसभर स्वतःला म्हणून पाहिलं. सव्वीस वर्षं मापाचं काम केलं. हे काही बसत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो नाही. एकटाच दुर्गला गेलो. फाटक उघडून आत शिरलो. मामाजी ओसरीत पेपर वाचत होते. म्हटलं, मामाजी, जेवायला आलो. ते उठले आणि स्वतःच्या हाताने पाट मांडला.

वाढताना सासूबाई म्हणाल्या, "दर दिवाळीले तुमचं ताट वाढून ठेवतो आमी, जवाईबापू. तुमी फाटकातून वापस गेले का हे त्याच ताटावर बसते. दुसरं घेत नाई. आज ह्यांच्यासाठी येगळं ताट काढा लागलं."

मामाजी मान खाली घालून जेवत होते. मी भात दोनदा मागून घेतला.