चार अंश

एक्सेलसिअर, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय टोर,

बारा वर्षांनंतर तुला पत्र लिहीत आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले, हे तू जाणतोस. वडिलांची पाठ गेली आणि बावीस गाईंच्या धारा माझ्या वाट्याला आल्या. तरीही सिस्टर बेनेडिक्टाने घोटून घेतलेले अक्षर मी आजतागायत बिघडू दिलेले नाही. आता हात कापतो, म्हणून हे पत्र प्रथम कच्चे लिहिले आणि मग पक्के केले. मार्लिसचे पत्र मला सप्टेंबरात मिळाले. त्यातील अखेरच्या दोन ओळींविषयी मी शेवटीच लिहीन, कारण त्यापूर्वी तुझी एक वस्तू तुला परत करणे मला भाग आहे. ती वस्तू म्हणजे तुझे नाव.

मिनेटोंका सरोवर आता तू सोडून गेलास तसे राहिलेले नाही. मुद्दाम मोठ्या लाटा उठवण्यासाठी बांधलेल्या बोटी आल्या आहेत, आणि त्यांच्यावर सकाळी नऊपासून संगीताचा धुमाकूळ चालतो. बिग आयलंडजवळ शनिवारी बोटींची इतकी दाटी होते की एकीवरून दुसरीवर पाय टाकीत पलीकडे जाता येईल. आपण ज्या लव्हाळ्याच्या पट्ट्यावर आमिष फेकीत असू, तेथे एका धनिकाने सहा बोटींचा धक्का बांधला आहे. मस्की मासे मात्र अजून आहेत. लोकांना पोहताना ठाऊकही नसते की आपल्या पायांखालून चार फुटांचा मासा शांतपणे जात आहे.

एकतीस वर्षे आपण एकाच नावेत बसलो. गरम कॉफी, राय धान्याची भाकरी, माझ्या बहिणीने धुरावलेले सॉसेज, आणि दिवसभर पाणी झोडपणे. तू नेहमी म्हणायचास, “क्लेम, तुझा पोप शुक्रवारी मासे खा म्हणतो आणि तू वर्षभर मासे सोडत बसतोस. जाशील बघ थेट नरकात!” मी म्हणत असे, “मासा क्षारात भिजवून त्याचा डिंक करून खाणाऱ्या लुथरनांनी मला नरक शिकवू नये.” माझ्या बायकोचे, रोझेलाचे म्हणणे तर तुझ्या मार्लिसलाही पाठ होते: “सहा तास उन्हात करपायचं, मासा चुकून लागलाच तर फोटो काढून सोडून द्यायचा, आणि घरी येऊन विचारायचं, जेवायला काय आहे?” या गोष्टी मी कोणाजवळ बोलत नाही. ज्यांना त्या समजल्या असत्या, त्यांपैकी एकजण मृत आहे आणि दुसऱ्याला मी घालवून दिले.

आपल्या मासेमारी मंडळाचा उष्ण पाण्याचा नियम मी स्वहस्ते लिहिला होता. पाणी ऐंशी अंश फॅरनहाइटच्या वर गेले की मस्कीसाठी गळाची काठी उचलावयाची नाही. कारण कोमट पाण्यात झुंजलेला मासा सोडल्यावर धडधाकट पोहत जातो आणि दोन-तीन दिवसांनी आपल्या दृष्टीआड मरतो. नियम योग्य होता, आजही आहे. मोजण्यासाठी माझा पितळी कवचातील काचेचा थर्मामीटर मंडळाने प्रमाण मानला होता, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता हे तुला सांगावयास नको. कारखान्यातील अभियंते, वकील, दंतवैद्य असे सगळे शिकलेले लोक दर शनिवारी चौथी शिकलेल्या माणसाला विचारीत, “क्लेमेन्स, आज पाणी किती?”

ऑगस्ट २००७ मधील तो वार्षिक दिवस. मी पंच होतो म्हणून तुझ्या नावेत नव्हतो. एकतीस वर्षांत तुला पन्नास इंचांच्या वरचा मासा कधी मिळाला नव्हता, आणि त्या दिवशी चोपन्न इंचांचा मिळाला. तू तो पाण्याबाहेर पुरते दहा आकडे मोजण्याइतकाही ठेवला नाहीस. तो शेपटी झटकून तुझ्या तोंडावर पाणी उडवून गेला, आणि तू टोपी हवेत भिरकावून लहान मुलासारखा ओरडलास. मी जवळ आलो, दोरीने थर्मामीटर सोडला, आणि काचेने ब्याऐंशी दाखवले. तू हसलास. “अरे, माझ्या नावेतलं यंत्र अठ्ठ्याहत्तर सांगतंय. तुझ्या त्या काचेच्या नळीला ताप आलाय!” सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या थर्मामीटरला लोक हसले, एवढेच मला दिसले.

बोलिंगच्या हॉलमागील खोलीत सभा झाली. तू उभा राहून एवढेच बोललास, “क्लेम, तू मला एकतीस वर्षं ओळखतोस. पाणी अठ्ठ्याहत्तर होतं.” मी म्हणालो की ओळख आणि मोजमाप या भिन्न गोष्टी आहेत. हे वाक्य मी घरून तयार करून आणले होते. तुला काढून टाकण्याच्या बाजूने पहिला हात माझा वर गेला, आणि माझ्याकडे पाहून इतरांचे गेले. मोठे मासे पकडणाऱ्यांच्या फळ्यावरील तुझ्या नावावर मीच रंगाचा पट्टा ओढला, आणि तोही सरळ यावा म्हणून पट्टी धरून. पुढे कोणीतरी तुझ्या टपालपेटीला मेलेला मासा टांगला. किराणा दुकानात मार्लिस रांगेत उभी राहिली की बायका गप्प होत. वसंतात तुम्ही घर विकून मुलीकडे दुलुथला गेलात. मालमोटार निघाली तेव्हा मी समोरच्या खिडकीत होतो. पडदा बाजूला केला नाही.

आता जे लिहितो ते रोझेलाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तुम्ही जाण्यापूर्वीच, त्या जानेवारीत, मी गोठलेल्या सरोवरावरील मासेमारीच्या खोपटात थर्मामीटर पुसत बसलो होतो. सहज म्हणून तो ठेचलेल्या बर्फाच्या बादलीत बुडवला. त्याने बत्तीस दाखवावयास हवे होते. त्याने छत्तीस दाखवले. मी दुकानातून नवा आणला आणि दोन्ही शेजारी बुडवले. नवा बत्तीस, माझा छत्तीस. तीन वेळा केले. घरी गरम पाण्यातही तोच फरक आला. माझी काच चार अंश जास्त सांगत होती, टोर. तू खरे बोलत होतास. तुमच्या घरासमोर तेव्हा विक्रीची पाटीही लागली नव्हती. रस्ता ओलांडून मला बारा पावलेच चालून यावयाचे होते. रोझेलाने दोन्ही थर्मामीटर मोरीत पाहिले आणि तिला सारे समजले. त्या रात्री जेवताना तिने टेलिफोन उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, “टोरला सांग.” मी म्हटले, उद्या. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने तो जागेवर नेऊन ठेवला, आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, तुझे नाव तिने माझ्यासमोर घेतले नाही.

थर्मामीटर बदलला असता तर लोकांनी कारण विचारले असते. म्हणून मी तोच वापरीत राहिलो. काच वाचावी, मनात चार वजा करावे, आणि बरोबर आकडा जाहीर करावा. बारा उन्हाळे मी हे केले. ज्यांची नावेही मला धड आठवत नाहीत अशा पोरांना मी ते चार अंश देत आलो. फक्त तुला दिले नाहीत.

या जुलैत डॉक्टरांनी नावेत एकट्याने जाण्यास मनाई केली, म्हणून मी एकटाच गेलो. बोटींची गर्दी सुरू होण्याआधी, पहाटे. काचेने त्र्याऐंशी दाखवले. चार वजा करून एकोणऐंशी. नियमात बसत होते. आठ वाजता आमिषामागून एक काळी सावली आली. काठीचे टोक पाण्यात बुडवून मी आमिष नावेच्या कडेला वेढे घालीत फिरवले, जसे तू मला शिकवलेस तसे, आणि तिसऱ्या वेढ्याला तिने ते घेतले. पंचावन्न इंचांची मादी. शेपटीचा वरचा भाग चिरलेला. मी चौऱ्याऐंशी वर्षांचा. जाळे धरावयास दुसरे कोणी नाही. ती जाळ्यात आली तेव्हा आम्ही दोघेही धापा टाकीत होतो. तिला पाण्यातच ठेवून गळ कापून मी सोडणार होतो. इतक्यात एक लाटांची बोट जवळ आली आणि तिच्यावरील तरुण ओरडले, “आजोबा, उचला ना! बघू द्या की!” मी उचलली. एकाने फोनवर फोटो घेतला आणि म्हणाला, “हलला हो, परत एकदा.” मी परत उचलली. तेवढ्यात त्यांच्याच बोटीची लाट आली आणि मी मासा घेऊन नावेच्या तळाशी कोसळलो. ती फळ्यांवर आपटत राहिली आणि मला उठता येईना. अखेर पाण्यात धरून मी तिला अर्धा तास सांभाळले. ती गेली. तरुणांनी टाळ्या वाजवल्या.

मंडळानेही वाजवल्या. तुझे नाव मी जेथे पुसले होते, तेथेच, त्याच पट्ट्यावर, माझे नाव लिहिण्यात आले. चौथ्या दिवशी धक्क्याजवळच्या लव्हाळ्यात ती पोट वर करून तरंगताना मला दिसली. शेपटी चिरलेली. वरून मोटरबोटी जात होत्या आणि प्रत्येक लाटेसरशी तिचे डोके धक्क्याच्या खांबाला लागत होते. आकडा बरोबर होता, टोर, चूक माझी होती. आणि तुझ्यावर आरोप ठेवला गेला त्या दिवशी तू दहा आकडेही मोजू दिले नव्हतेस.

सप्टेंबरात मार्लिसचे पत्र आले. ऑक्टोबरच्या सभेला मी बादलीभर बर्फ आणि दोन्ही थर्मामीटर घेऊन गेलो. सगळे सांगितले. मला वाटले होते की खोली हादरेल. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “टोर कोण?” सचिव पस्तिशीचा, सभ्य मुलगा आहे. तो म्हणाला, “क्लेमेन्स, इतकी जुनी गोष्ट. आता काय करायचंय तिचं? बसा, कॉफी घ्या.” त्या वेळी हात वर करणाऱ्यांपैकी आता तिघेच हयात आहेत, त्यांतील दोघे आले नव्हते, आणि तिसऱ्याला ऐकू येत नाही. मी कॉफी घेतली नाही. रंगाचा डबा मी बरोबर नेला होता. माझे नाव पुसून त्या जागी तुझे लिहिले: टोरवाल्ड नायगार्ड, चोपन्न इंच, पाणी अठ्ठ्याहत्तर. अक्षर वाकडे आले. खोलीची किल्ली टेबलावर ठेवून मी घरी आलो.

आता मार्लिसच्या त्या दोन ओळी. ती लिहिते की तू तिला ओळखत नाहीस, मुलीला ओळखत नाहीस, आणि जेथे तुला ठेवले आहे तेथे रोज संध्याकाळी काठीसारखा ताठ उभा राहून समोर येईल त्याला, परिचारिकेला, स्वयंपाक्याला, एकच प्रश्न विचारतोस: “पाणी किती होतं?” कोणी काही आकडा सांगितला तर रडतोस. हे पत्र मी तुला लिहिले आहे, परंतु ते तुला उमजणार नाही, हे मला समजते. म्हणून मार्लिस, हे तू वाचत असशील तर बाकीचे सगळे बाजूला ठेव. क्षमा मी मागत नाही, मागण्याची मुदत रोझेला असतानाच संपली. फक्त आज संध्याकाळी तो विचारील तेव्हा त्याच्यासमोर बस आणि सांग की क्लेमने स्वतः मोजले आहे, सर्वांसमोर मोजले आहे, आणि पाणी अठ्ठ्याहत्तर होते. उद्या पुन्हा विचारील. उद्या पुन्हा सांग.

तुझाच, एकतीस वर्षे तुझ्या नावेतला,
क्लेमेन्स थीलेन