टेकू धरलाय

दि. १७ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामं होतात. गॅलरीचं दार फुगून घट्ट बसलं होतं, ते सुतारानं तासून दिलं. जाऊबाईंना सांगा, लोकर संपली, स्वेटर एका बाहीशी अडलाय.

हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर आलं नाही म्हणून रागावलेली नाही. आज कारखान्याच्या चौकशी कार्यालयात जाऊन आले, ते कळवायला बसले आहे. अपघाताच्या अहवालातलं ते वाक्य बदलून घ्यायला आजचा शेवटचा दिवस होता, हे तुम्हाला ठाऊक होतंच. 'फिटरने तात्पुरता आधार न लावता वॉल्व काढला.' बावीस वर्षं नोकरी करून ह्यांच्या नावापुढे आता एवढंच राहणार. चौकशीचे साहेब मागे म्हणाले होते, ज्या इंजिनिअरनं त्या पाइपाचं गणित केलं त्यानं लेखी दिलं, तर बदलू.

तो इंजिनिअर म्हणजे तुम्ही. ह्यांचे सख्खे भाऊ.

घर बदलताना तुम्ही इथे ठेवून गेलेली जाडी पुस्तकं मी वर्षभर वाचतेय. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईला जेवढं कळेल तेवढं, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. कळलं ते असं. पाइप गप्प उभा नसतो. तापला की लांबतो, वजनानं वाकतो. मधला वॉल्व दुरुस्तीला काढला की वरचा भाग लोंबकळतो, आणि तेवढ्या वेळापुरता त्याला खालून टेकू लागतो. मागे कारखान्यातल्या ड्रॉइंगवाल्या बाईंनी तुमची फाइल उघडून मला स्क्रीनवर दाखवलं.

"हा बघा टेकू," त्या म्हणाल्या. पाइपाखाली एवढासा त्रिकोण. "हा फक्त खालून वर रेटतो. आणि फक्त दुरुस्तीच्या गणितात असतो, एरवी नाही."

"आणि काढला तर?"

त्यांनी बटण दाबलं. निळा पाइप लाल झाला.

"परत लावा," मी म्हटलं.

"अहो, नुसतं चित्र आहे हे."

"असू दे. लावा."

त्यांनी लावला.

म्हणजे तुमच्या गणितात टेकू होता, भाऊजी. पण कामगारांकडे जातं त्या ड्रॉइंगवर 'वॉल्व काढण्याआधी इथे टेकू लावा' ही ओळ नव्हती. ती लिहायची राहून गेली.

ह्यांना शंका आली होती. त्या दुपारी जेवायला घरी आले, हात खरकटा होता म्हणून फोन मीच लावून स्पीकरवर ठेवला.

"बारक्या, तो वॉल्व आज काढतोय. टेकू धरलायस ना रे तिथे?"

"धरलाय, दादा."

तुम्ही म्हणालात, गणितात धरलाय. ह्यांनी ऐकलं, पाइप धरलेला आहे, आपण वेगळं काही लावायला नको. इंजिनिअर कागदावर धरतो, फिटर हातानं. एका आईची मुलं तुम्ही, एका ताटात जेवलेली, आणि एवढ्याशा शब्दावर फसलात.

इथवरचं तुम्हीही जाणता. पुढचं मी दोन्ही पत्रांत टाळलं.

तुमचं वाक्य तिथे संपलं नव्हतं. "धरलाय, दादा, पण..." असं तुम्ही म्हणालात, आणि मी मधेच फोन उचलून घेतला. तुमच्या नव्या घराचे पडदे शिवत होते ना मी. "पुरे ते पाइपपुराण, भाऊजी! पडद्यांची लांबी किती धरू ते सांगा आधी." तुम्ही हसलात. म्हणालात, "सात फूट धरा." तोवर ह्यांनी हात धुतले, बूट चढवले आणि गेले.

तीन वाजता पाइप खाली आला.

आज सकाळी दहापासून त्या कार्यालयाच्या बाकावर बसले होते. दार वाजलं की वाटायचं, तुम्ही आलात. साडेचारच्या सुमारास एकदम उमगलं, तुम्ही का येत नाही ते. तुम्ही लिहिणार तर तो 'पण' लिहावा लागणार, आणि त्याच्या पाठोपाठ मी येणार. तुम्ही मला वाचवताय. आणि तुमची नोकरी जाऊ नये म्हणून मी पहिल्याच जबाबात सांगून बसले होते, फोनवर घरगुती बोलणं झालं म्हणून. आपण दोघांनी एकमेकांना सांभाळलं. ज्याला उठून बोलता येत नाही, त्याच्यावर सगळं टाकलं.

कारकून रजिस्टर घेऊन आला. "बाई, इंजिनिअरसाहेबांचं काही आलेलं नाही. तुम्हाला स्वतःला काही नोंदवायचंय? पाच मिनिटं आहेत अजून."

सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते, भाऊजी. वाक्यं पाठ केली होती. तोंड उघडलं आणि म्हटलं, "नाही."

तुमच्यासाठी म्हटलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. तेव्हा तुम्ही मनातही नव्हतात. लोक म्हणतील, नवरा पडद्यांपायी घालवला हिनं, एवढंच डोक्यात आलं.

त्यानं शिक्का मारला. "झालं, बाई. आता ही फाइल उघडत नाही."

आता तुम्ही लिहून उपयोग नाही, मी बोलून नाही. हे कळवलं ते एवढ्यासाठी, की यापुढे माझ्याकरता गप्प राहू नका. राखण्यासारखं माझ्यापाशी काही उरलेलं नाही.

'या' असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तुमचा आवाज थेट ह्यांच्यासारखा आहे. तो दारात ऐकून मी दार उघडेन की नाही, मला सांगता येत नाही.

आज खाली 'वहिनी' लिहायला हात होत नाही.

तुमच्या दादाची बायको,
जी पाच मिनिटं असूनही बोलली नाही