प्रश्न पुरा होऊ दे

आई, तू गेलीस तेव्हा मी शाळेत शिकवत होते. त्यानंतर मी कोणतं काम धरलं ते तुला माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगते. इथे रायपुरातच एका विद्यापीठात मी प्लेसमेंटचं काम बघते. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी कंपन्या बोलवायच्या, त्यांचे बायोडाटा नीट करून घ्यायचे, मुलाखतीची तयारी करून घ्यायची. शंकर नगरहून स्कूटीने जाते. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण काम तेच, जे तू ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या पुढच्या खोलीत तीन टाइपरायटर मांडून करायचीस. आणि ते मला चांगलं येतं. दुसऱ्या कुणाजवळ मी असं बोलणार नाही, पण येतं.

टायपिंगची परीक्षा पास झाली तरी तू मुलीला लगेच सोडत नव्हतीस. तिला आत स्वयंपाकघरापाशी बोलवायचीस. मला ते अजून दिसतं. तू भाजी फोडणीला घालते आहेस, दाराकडे पाठ. मुलगी उंबऱ्यात उभी आहे. तू न वळता विचारतेस, नाव काय, काय शिकलीस, ही नोकरी काहून पाहिजे. कढईच्या चरचरीतून तिचा आवाज तुझ्यापर्यंत आला नाही तर तू वळून बघत नाहीस, पुन्हा तोच प्रश्न विचारतेस. एक जण अगदी रडकुंडीला आली होती. तिला तू म्हणालीस, "साहेब काही कान लावून बसत नाही बाई. मले ऐकू आलं तर त्यालेही येईल." छत्तीसगढी मुलींशीही तू असंच अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचीस आणि त्यांना सगळं कळायचं.

मी अकरावीत होते तेव्हा धमतरीकडची एक मुलगी यायची. काहीही विचारलं की ती "हव" म्हणायची, म्हणजे हो, तेही तुझं वाक्य अर्ध्यावर असताना. एकदा ती गेल्यावर मी तिची नक्कल केली, "हव दीदी, हव दीदी." तू लाटणं खाली ठेवलंस. "लई शहाणी झाली का तू? ती हव म्हणते म्हणून नाही अडून राहिली. प्रश्न पुरा व्हायच्या आधी म्हणते, म्हणून अडते. तिची बोली तिच्यापाशी राहू दे. प्रश्न पुरा होऊ दे, एवढंच शिकव तिले." आणि आठवडाभर मलाच तिच्यासमोर प्रश्न विचारायला बसवलंस. मला तेव्हा फार राग आला होता.

या वर्षी भनपुरीची एक मुलगी माझ्याकडे आली. वडील ट्रकच्या बॉडी बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर आहेत. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं हीच बघते. कॉमर्सची मुलगी, हिशेबात पक्की, स्वभावाने माझ्यासारखी, कमी बोलणारी. आमच्याकडे येणाऱ्या कंपन्या बहुतेक पुण्या-हैदराबादला नेणाऱ्या. रायपुरातच बसून करायची जागा यंदा एकाच कंपनीकडे होती, आणि तीही एकच. ही मुलगी रायपूर सोडू शकत नव्हती, म्हणून तिला ती जागा हवी होती. लेखी परीक्षेत पहिली आली आणि मुलाखतीत पडली.

मुलाखत घेणारा गृहस्थ बाहेरच्या राज्यातला. त्याने मला सांगितलं, "मैडम, लड़की ईमानदार है. मैंने पूछा, मान लो छह महीने में कहीं से अच्छा ऑफर आ गया, तो हमें छोड़ दोगी? उसने तो पहले ही हाँ बोल दिया." तो हसत होता. मला मात्र काय झालं ते तिथेच कळलं. मुलीला बोलावून विचारलं, "तूने हव क्यों बोला?"

ती म्हणाली, "मैम, वो तो मैं सुन रही थी."

माझ्या हाताखालचे सर म्हणाले, "मैडम, इन लोगों का ये हव छुड़ाना पड़ेगा. यस सर सिखाइए." मी म्हटलं, "यस सर भी आधे सवाल पे ही बोलेगी." मी त्या गृहस्थाला फोन केला आणि तिची पुन्हा एकदा मुलाखत घ्या म्हटलं. "आपने आज तक किसी के लिए नहीं बोला," तो म्हणाला. "ठीक है, शुक्रवार को भेजिए."

हातात तीन दिवस होते. माझ्या खोलीत चूल नाही, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून फायली लावत बसले आणि तिला दारात उभं केलं. प्रश्न अर्धा टाकायचा आणि थांबायचं. "तुम रोज नहाती हो..." "हव मैम." "...या सिर्फ़ इतवार को?" मग पुढचा. "सुना है इस मैडम को तुम..." "हव." "...पागल समझती हो?" तिचं हसू फुटलं, तोंडावर हात ठेवल्याचं मला न वळता कळलं. दुसऱ्या दिवशीही तीच गत. तिसऱ्या दिवशी मी अर्ध्यावर थांबले, बराच वेळ थांबले. शेवटी मागून आवाज आला, अगदी स्वच्छ, "पहले सवाल तो पूरा कीजिए, मैम."

शुक्रवारी त्याने मुद्दाम तोच प्रश्न विचारला. ती पूर्ण ऐकून म्हणाली, "नहीं सर. मम्मी बीमार हैं, मैं रायपुर नहीं छोड़ सकती. आप ही निकालोगे तो जाऊँगी." नोकरी लागली. रुजू झाल्याला आता दोन महिने झाले. मधे तिथून फोन आला होता, अशी आणखी एखादी मुलगी असेल तर सांगा म्हणून. अशा मुली आहेत आई, पुष्कळ आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा राहिलेलंही लिहिते. पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती मुलगी माझ्या दाराशी आली होती. "मैम, दस मिनट तैयारी करवा देंगी?" मी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता "बैठो, बुलाती हूँ" म्हटलं आणि विसरून गेले. पाच वाजता निघाले तेव्हा ती बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली होती. मला बघून उभी राहिली. मला वाटलं बस पकडायला उठली असेल, आणि मी स्कूटी काढली. नियुक्तीचं पत्र दाखवायला आली तेव्हा ती म्हणाली, सगळं तुमच्यामुळे झालं. खोलीत आम्ही दोघीच होतो, त्या बाकाचं मला सांगता आलं असतं. मी पत्र वाचून तिला परत दिलं आणि चहा मागवला.