शीतनिद्राभंगाची चौकशी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. त्यांपैकी मी कितपत, याची बातमी तुला माझ्याआधी मिळत असते, असे नुकतेच उघडकीस आले आहे. पण ते यथाक्रम येईल. तुझी प्रकृती कशी आहे, ते कळवावे. (मजजवळ कॅमेरा नाही.)

तू दिलेला संगणक आमच्या निजायच्या खोलीत, खिडकीखालच्या मेजावर आहे. रक्तदाब उतरेपर्यंत दुपारी तासभर झोपायचेच, त्याशिवाय वाचनालयातला माझा व्याकरणवर्ग पुन्हा सुरू करायचा नाही, असा तुझ्या वर्गमित्राचा, म्हणजे आमच्या डॉक्टरांचा, हुकूम आहे. (वर्ग तूर्त एक निवृत्त मुख्याध्यापक घेतात. ते 'मी आपली मदत करतो' असे म्हणतात. यावरून माझ्या रक्तदाबाची कल्पना यावी.) म्हणून जेवण झाले, की मी संगणकाला शीतनिद्रेत घालतो आणि स्वतः आडवा होतो. डोळा लागतो न लागतो, तोच त्याचा पंखा घरघरतो, पडदा उजळतो आणि मी ताडकन उठून त्याच्यासमोर उभा राहतो. असे रोज घडू लागले, तेव्हा मी पदर खोचावा तसा सदरा खोचला आणि छडा लावायचाच, असे ठरवले.

पहिला संशय माउसवर. 'या उपकरणास संगणक जागा करू द्यावा' अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण पुसली, वर माउस उपटून मोज्यात घातला. (काकूने तो मोजा धुवायला टाकला. माउस आता स्वच्छ आहे, पण निरुपयोगी.) मग कळफलकाची परवानगी काढून घेतली. मग ठरल्या वेळी उठवणारे सारे टायमर बंद केले. तरी स्वारी जागीच! काकू म्हणाली, "अहो, तोही तुमच्यासारखाच. झोपवला की उठतो. द्या एकाला भंगारात." एकाला म्हणजे कोणाला, हे तिने स्पष्ट केले नाही. त्यातच डॉक्टरांनी अर्ध्या गोळीची पूर्ण गोळी केली. म्हणे, 'काका झोपत नाहीत, असे कळले.' कोणाकडून कळले, ते वाक्यात नव्हते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शेवटी मी पडद्यावर आज्ञा टंकायची ती काळी खिडकी उघडून संगणकालाच विचारले, की बाबा रे, सर्वांत अलीकडे तुला कोणी उठवले? (अशी आज्ञा असते. माणसांसाठी नाही, हे दुर्दैव.) उत्तर आले: नेटवर्क कार्ड. म्हणजे घरभेदी वेगळाच. बाहेरून कोणीतरी हाका मारत होते. मी नेटवर्कची तारच उपटली आणि त्या दुपारी कधी नव्हे तो गाढ झोपलो.

तोच काकू धावत आली. एका हाताने फोन कानाशी आणि दुसरा, ओला हात माझ्या नाकाशी धरून ओरडली, "अगं, आहे गं श्वास! घोरतायत!"

उलगडा झाला. काकूच्या संमतीने तू दुरून संगणक उठवायचीस, त्याच्या कॅमेऱ्यातून 'काका झोपले का' पाहायला; त्या दुपारी तो उठेना, तेव्हा घाबरून काकूला फोन केलास. संगणक उठला, की मी उठायचो. आणि मी उठलेला पाहून तू डॉक्टरांना कळवायचीस. आपणच घंटा बडवायची आणि देव झोपत नाही म्हणून तक्रार करायची, त्यातला हा प्रकार.

यापुढे ती तार जोडली जाणार नाही. निर्णय अंतिम आहे. काकूचा अपराध सिद्ध झाला असूनही तिचे आशीर्वाद कळवतो.

तुझा,
काका

ता. क. तार जोडली आहे. त्या दिवशी फोनवर तू रडवेली झाली होतीस, असे काकू सांगते.

ता. क. २. अडचण एवढीच, की तू पाहणार हे कळल्यापासून मी भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून निजतो आणि पंखा घरघरला, की डोळे मिटतो. झोप अर्थातच येत नाही. परंतु वर्ग सोमवारी सुरू व्हायलाच हवा. तेव्हा डॉक्टरांना एवढेच कळव: 'काका झोपलेले दिसले.' वाक्य निर्दोष आहे. शिवाय तुला खोटेही बोलावे लागणार नाही.