काकूंचा नंबर

आई, बाबा अजून तुझाच नंबर वापरतात. तू गेल्यावर त्यांनी स्वतःचा बटणांचा फोन कपाटात टाकला आणि तुझा उचलला, तेव्हा आम्हा दोघा भावंडांना वाटलं, चार दिवस वापरतील नि सोडतील. तेव्हा रांगत असलेली माझी मुलगी आता सातवीत आहे. बाबांचा फोन आला की माझ्या स्क्रीनवर अजून 'आई' असंच येतं. ते बदलायला माझा हात धजत नाही.

तुझे ते छोटे नेटपॅक आठवतात. कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधून साबणाच्या वडीबरोबर तू नेटही घेऊन यायचीस. मग ओट्याशी उभी राहून, ओले हात पदराला पुसून नेट चालू करणार, मावशीने गावाहून पाठवलेले फोटो बघणार आणि गॅसचं बटण फिरवावं तसं लगेच बंद करणार. एकदा मी तुझ्या फोनवर काहीतरी बघितलं आणि नेट तसंच चालू ठेवून उठले. "बंद कर गो ता! फुकट जाता!" तू एवढ्या जोरात ओरडलीस की शेजारच्या वहिनी दारात आल्या. मला राग आला होता. आता तो आवाज कुठल्या फोनमध्ये सापडला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं.

तुझा मुलगा बंगळुरूला असतो. त्याने गेल्या वर्षी विक्रोळीच्या घरात वायफाय बसवून दिलं. बाबा दिवसभर फोनवर दशावतार बघत बसतात, त्यामुळे तेव्हा संध्याकाळपर्यंत त्यांचं नेट संपायचं. मग त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून ते दुकानातून एका दिवसाचा पॅक मारून यायचे. भावाचं म्हणणं, कशाला हा त्रास? मलाही पटलं. पण वायफाय लागलं तसं ते रोज संध्याकाळी बंद पडायला लागलं. मी मुलुंडहून कंपनीला फोन करकरून भांडले. माझं तोंड तुला माहीत आहे. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणाला, मॅडम, सगळं ओके आहे.

मागच्या महिन्यात मी विक्रोळीला गेले होते. संध्याकाळी मी चहा गाळतेय, आणि बाबा हळूच उठतात, वायफायच्या डब्याचं बटण बंद करतात, सदरा चढवतात. "नेट गेला. खाली जावन येतंय." मी चपला घालून मागोमाग निघाले.

ते दुकान आता दुसऱ्याने घेतलंय. तरुण मुलगा आहे, त्याने तुला कधी पाहिलेलं नाही. बाबांना बघून तो हसला. "काका, काकूंचाच नंबर ना?"

"हो, तिचाच."

"कशा आहेत काकू? कधी दिसत नाहीत."

"बरी आहे. गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही."

"बोला ना त्यांना, गरम तेल लावा. माझी मम्मी तेच करते."

"सांगतो," बाबा म्हणाले.

आई, मला वाटलं, झालं, बाबांचं डोकं फिरलं. आता डॉक्टर, आता त्यांना मुलुंडला आणायचं, आता ही खोली बंद करायची. जिन्यात मी त्यांना अडवलंच. "बाबा, आई कुठे आहे?"

ते कठडा धरून उभे राहिले. माझ्याकडे बघत राहिले. मी किती घाबरलेय ते त्यांना दिसलं असावं, कारण ते अगदी हळू आवाजात बोलले. "माका म्हायत आसा गो. तुका म्हायत आसा. सगळ्या चाळीक म्हायत आसा. त्येका म्हायत नाय. एका तरी माणसाक म्हायत नसांदे."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, आणि वरून कुणीतरी विचारत होतं, काय झालं, पडली का?

भावाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. वायफायची तक्रार करणंही सोडून दिलंय. हे कागद पाठवायला तुझा पत्ता नाही. ठेवून दिले तर बाबांच्या हाती पडायची भीती, म्हणून लिहून झाले की फाडणार आहे. एवढंच राहिलंय सांगायचं. परवा बाबांना ताप आला म्हणून मी इथे विक्रोळीला राहायला आले, आणि पाव आणायला त्या दुकानात गेले. त्या दिवशी बाबांच्या मागे उभी होते, तेवढ्यावरून त्या मुलाने मला ओळखलं. "ताई, काकू बऱ्या आहेत ना?" मी खरं सांगणार होते. खोटं मला जमत नाही, तू म्हणायचीस.

"बरी आहे," मी म्हटलं. "रोज तेल लावते आता." आणि उगाचच बराच वेळ तिथे उभी राहिले, त्याने तुझ्याबद्दल अजून काहीतरी विचारावं म्हणून.